इंग्लंडची हॅमर्ड नाणी: शिवराईवर तयार झालेली नजर कुठे फसते

सोलापुरात नाण्यांचा नाद लागतो तो बहुतेकांना तांब्यापासून. शिवराई, आदिलशाही तांबं, आणि नशिबाने मिळालाच तर औरंगजेबाच्या सोलापूर टांकसाळीचा रुपया. या नाण्यांनी नजरेला एक सवय लावलेली असते. ठसा मोठा आणि चकती लहान, त्यामुळे नाण्यावर मजकुराचा तुकडाच उतरतो. शिवराईवर ‘राजा’ नीट उठलं आणि ‘शिव’ मधला ‘व’ कडेबाहेर गेला, तरी आपण त्याला खोट मानत नाही. उरलेलं मनातल्या मनात जुळवून घेतो.

इंग्लंडची हॅमर्ड नाणी, म्हणजे यंत्राआधीची, हातोड्याने ठोकून पाडलेली नाणी वाचताना नेमकी हीच सवय आड येते. तिथे ठसा आणि चकती जवळपास एकाच मापाची असत. बाहेरचं ठिपक्यांचं कडं, त्याच्या आत गोल फिरणारा लेख, आतलं कडं, मधे राजाचा चेहरा, हे सगळं नाण्यावर मावेल असाच ठसा कोरलेला असे. म्हणून तिथे काही गायब असेल तर ते का गायब आहे हे विचारावंच लागतं. कडा कातरली, ठसा सरकला, ठोका हलका बसला की नाणं झिजलं? या चारांपैकी काय झालं ते ओळखता आलं की अर्धी ओळख पटलीच. भावातला मोठा फरकही तिथेच असतो.

आधी नाणं पडायचं कसं ते पाहू. खालचा ठसा टोकदार बुडाने लाकडी ओंडक्यात घट्ट रोवलेला असे. त्यावर चांदीच्या पत्र्यातून कापलेली चकती ठेवायची, वरून दुसरा ठसा हातात धरायचा आणि हातोडा मारायचा. थेट मार वरच्या ठशाला बसे, म्हणून तो लवकर फुटे. एका खालच्या ठशामागे दोन-तीन वरचे ठसे लागत. त्यामुळे एकाच छाप्याच्या (चेहऱ्याच्या बाजूच्या) ठशाशी वेगवेगळे काटे (मागच्या बाजू) जोडलेले सापडतात, आणि बारकाईने जमवणाऱ्यांना याच जोड्या लावण्यात खरा रस असतो. वरचा ठसा धरण्याची दिशा ठरलेली नव्हती. छापा सरळ धरून नाणं उलटलं की काटा कुठल्याही कोनात वळलेला दिसू शकतो. तो कोन घड्याळाच्या तासांत टिपून ठेवा. चाराची दिशा, आठाची दिशा, एवढं पुरतं.

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल वजनकाटा, त्याच्यासोबत तपासणीचं वजन, रुंदी मोजायला प्लास्टिकच्या जबड्यांचा व्हर्निअर आणि मान वळवता येईल असा एलईडी दिवा. लोखंडी जबड्यांचा व्हर्निअर पातळ चांदीच्या कडेला ओरखडा पाडतो. वजनकाटा वापरताना पंखा बंद करा. सोलापूरच्या एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, पण पंख्याच्या वाऱ्याने आकडा दोन-तीन शतांश सहज हलतो, आणि पेनीच्या, म्हणजे इंग्लंडच्या चांदीच्या छोट्या नाण्याच्या बाबतीत तेवढ्यावर निर्णय बदलू शकतो. तीनदा तोलून मधला आकडा घ्या.

वजनाला मी इतकं वर ठेवतो, कारण चेहऱ्यापेक्षा वजन जास्त खरं बोलतं. मध्ययुगीन इंग्रजी चेहरे म्हणजे राजाचं चित्र नव्हतंच. शंभर-दीडशे वर्षं जवळजवळ तोच समोर पाहणारा मुकुटधारी माणूस कोरला जात होता. वजन मात्र राजाज्ञेने ठरे आणि टप्प्याटप्प्याने उतरत गेलं. १२७९च्या सुमाराची चांदीची पेनी साधारण १.४ ग्रॅमची, म्हणजे आपल्या सराफी मापात बारा गुंजांच्या आसपास. १३५१ नंतर ती १.१७ ग्रॅमवर आली, १४१२ नंतर ०.९७ वर, १४६४ नंतर ०.७८ वर, आणि पहिल्या एलिझाबेथच्या काळात जेमतेम अर्धा ग्रॅम. चांदी बराच काळ स्टर्लिंग दर्जाची, हजारात ९२५ भाग. अपवाद १५४४ ते १५५१ या वर्षांचा. आठव्या हेन्रीच्या शेवटच्या काळात आणि त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत चांदीचं प्रमाण घसरत एक चतुर्थांशापर्यंत गेलं. त्या काळातलं नाणं नाकाच्या शेंड्यावर तांबूस दिसलं तर लगेच बनावट ठरवू नका. वरचा चांदीचा थर उडाला की उंच भागातून आधी तांबंच डोकावतं.

वजन झालं की नाणं उलटा आणि क्रॉस पाहा. पेनी ओळखण्याची सगळ्यात वेगवान वाट काट्याच्या बाजूनेच जाते. क्रॉस दुहेरी रेघांचा, आखूड, आतल्या कड्यातच संपणारा, आणि प्रत्येक कोपऱ्यात चार ठिपक्यांचं छोटं फूल असेल तर नाणं ११८० ते १२४७ मधलं. क्रॉस दुहेरीच, पण थेट कडेपर्यंत गेलेला आणि प्रत्येक कोपऱ्यात तीन ठिपके, तर १२४७ ते १२७९. क्रॉस एकेरी भरीव रेघेचा, लांब, कोपऱ्यात तीन ठिपके, तर १२७९ किंवा त्यानंतरचं. क्रॉस लांब करण्यामागे कातरणाऱ्यांचा बंदोबस्त हे कारण होतं. चारही टोकं कडेला भिडलेली असली की कोणी चांदी कापून घेतली ते लगेच दिसे.

आखूड क्रॉसच्या नाण्यांत नवखा माणूस हमखास अडकतो. लेख ‘हेन्रिकस रेक्स’ असतो आणि नाणं दुसऱ्या हेन्रीचं समजून मोकळं व्हावंसं वाटतं. पण त्याच्यानंतर आलेले रिचर्ड आणि जॉन यांनीही नाण्यावर हेन्रीचंच नाव चालू ठेवलं, आणि पुढे तिसरा हेन्री तर नावाचाच हेन्री. तेव्हा राजा ठरवायचा तो चेहऱ्याच्या बाजूच्या कुरळ्या केसांच्या संख्येवरून, अक्षरांच्या वळणावरून आणि मागे कोरलेल्या नाणं पाडणाऱ्याच्या नावावरून. मागचा लेख ‘अमुक ऑन तमुक’ असा असतो. आधी पाडणाऱ्याचं नाव, मग ‘ओ-एन’, मग गाव. नाव आणि गाव जुळलं की काळ पुष्कळ आवळता येतो. याच नाण्यांचे क्रॉसच्या रेघेवर कापलेले अर्धे आणि पाव तुकडेही मिळतात. ते मोडकं नाणं नव्हे. सुट्ट्या पैशांसाठी तसेच कापून वापरत. अखंड पेनीपेक्षा स्वस्त असतात आणि अक्षरं ओळखायच्या सरावाला फार चांगले.

१२७९ मध्ये पहिल्या एडवर्डने सगळं चलन नव्याने पाडलं. पाडणाऱ्याचं नाव गेलं आणि त्या जागी टांकसाळीच्या गावाचं नाव आलं. एकच अपवाद टिकला. बरी सेंट एडमंड्सच्या सुरुवातीच्या पेन्यांवर रॉबर्ट द हॅडली हे नाव सापडतं. नवीन माणसाने सुरुवात याच एडवर्डच्या पेनीपासून करावी असं माझं स्पष्ट मत आहे. भरपूर मिळते, वाचता येते, आणि एका नाण्यात शिकण्यासारखं फार असतं.

वाचायची कशी ते सांगतो. क्रॉसचे चार हात लेखाचे चार तुकडे करतात. लंडनच्या पेनीवर ते ‘सी-आय-व्ही-आय’, ‘टी-ए-एस’, ‘एल-ओ-एन’, ‘डी-ओ-एन’ असे असतात. पहिले दोन तुकडे म्हणजे नगर हा शब्द, तो बऱ्याच गावांना सारखाच. म्हणून शेवटचे दोन पाहायचे. त्यातला एक तुकडा लागला तरी बहुतेक वेळा काम होतं. ‘टी-ओ-आर’ दिसलं की कँटरबरी. ‘ई-एम-ई’ म्हणजे डरहम. ‘सी-ओ-एल’ म्हणजे लिंकन. सुरुवात ‘व्ही-आय-एल-एल’ने आणि शेवट ‘एन-डी-आय’ने असेल तर बरी सेंट एडमंड्स. बाजारात लंडन आणि कँटरबरीचीच नाणी सर्वात जास्त दिसतील. डरहमचं नाणं मिळालं तर भिंग जरा जास्त वेळ रोखा. तिथे बिशपांच्या हाती टांकसाळ होती आणि ते आपली खूण सोडत. क्रॉसचा एक हात धर्मदंडासारखा वाकलेला असेल तर ते बिशप केलॉचं नाणं, म्हणजे १३११ ते १३१६ मधलं. सिंह आणि लिलीचं फूल ही खूण असेल तर त्याच्या नंतरच्या बोमाँटचं. सातशे वर्षांपूर्वीचं, तारीख नसलेलं नाणं पाच वर्षांच्या आत बांधता येतं, हे मला या छंदातलं फार मोठं सुख वाटतं.

अक्षरं मात्र शाळेतल्या इंग्रजीसारखी नाहीत. ‘ए’ला मधली आडवी रेघ बऱ्याचदा नसते, त्यामुळे उलटा ‘व्ही’ वाटतो. ‘सी’ आणि ‘ई’ दोन्ही गोल आणि पुढून बंद, फरक फक्त मधल्या रेघेचा. ती रेघ झिजली की गोंधळ ठरलेला. ‘यू’च्या जागी ‘व्ही’, ‘जे’च्या जागी ‘आय’. ‘एन’ काही ठशांवर उलटा कोरलेला असतो. शिवाय ठशावर अक्षर एका पोंच्याने, म्हणजे आकार ठोकून उमटवायच्या छोट्या हत्याराने, उमटवलेलं नसे. उभी काडी, अर्धचंद्र, पाचर असे वेगवेगळे पोंचे जोडून ते तयार करत. म्हणून भिंगाखाली जोड उघडे पडलेले दिसतात आणि तुटक्या पोंच्याचा दोष प्रत्येक अक्षरात पुन्हा पुन्हा येतो. वर्गीकरण करणारे याच दोषांवर चालतात. छाप्यावर राजाचं नाव फक्त ‘ई-डी-डब्ल्यू’ असेल तर नाणं बहुधा १३०१च्या आधीचं. पुढे ‘ए’, ‘ए-आर’ किंवा ‘ए-आर-डी’ जोडलेलं असेल तर बहुधा १३०१ नंतरचं. त्यात पहिला एडवर्ड १३०७ मध्ये वारला, म्हणून अशी पेनी त्याची की मुलाची हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही. मग मुकुटाच्या टोकांवरची पानं मोजावी लागतात.

चेहरा तसाच, क्रॉसही तसाच, पण डोक्यावर मुकुट नाही किंवा मुकुटाऐवजी फुलांचा वेढा आहे, असं नाणं दिसलं तर ते इंग्लंडचं नाहीच. समुद्रापलीकडच्या सरदारांनी पाडलेल्या त्या नकला. इंग्लंडने १२९९-१३०० मध्ये त्यांच्यावर बंदी घातली. आज त्यांचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक आहेत. तेव्हा असं नाणं मिळालं म्हणून निराश होऊ नका, लेख नीट वाचा.

सोळाव्या शतकात आलं की काम सोपं होतं आणि जास्त रंगतंही. एलिझाबेथचं सहा पेन्सचं (पेनीचं अनेकवचन पेन्स) चांदीचं नाणं घ्या. रुंदी साधारण २६ मिलिमीटर, मूळ वजन ३.१ ग्रॅम, झिजलेलं २.६ ते २.८ पर्यंत. छाप्यावर राणी डावीकडे पाहते आणि तिच्या डोक्यामागे एक गुलाब असतो. मागे ढाल, ढालीवर वर्ष. हा गुलाब शोभेचा नाही. राणीच्या टांकसाळीत शेजारशेजारच्या किमतींची नाणी आकाराने इतकी जवळ होती की गल्लत व्हायची. म्हणून एकाआड एक किमतीला गुलाब आणि वर्ष दिलं. शिलिंगला (बारा पेन्स) नाही, सहा पेन्सला आहे. चार पेन्सला नाही, तीन पेन्सला आहे. दोन पेन्सला नाही, दीड पेन्सला आहे. पेनीला नाही, पाऊण पेनीला आहे. गुलाब दिसतो का आणि वजन किती, एवढ्या दोन उत्तरांवर किंमत ठरते.

वर्ष झिजलेलं असेल तर घड्याळात बारा वाजतात त्या जागी, लेखाच्या सुरुवातीला, एक छोटी खूण शोधा. ही टांकसाळीची मुदतीची खूण. एका खुणेखाली पाडलेल्या नाण्यांचे नमुने वेगळे ठेवून त्यांची रीतसर तपासणी होई, चांदी कमी भरली तर टांकसाळीच्या प्रमुखाला जाब द्यावा लागे. आपल्याला त्याचा फायदा वर्ष आवळायला होतो. घंटा म्हणजे १५८२-८३, चंद्रकोर १५८७ ते ८९, हाताचा पंजा १५९० ते ९२, किल्ली १५९५ ते ९८, जहाजाचा नांगर १५९७ ते १६००. खूण दोन्ही बाजूंना असते, एकीकडे गेली तर दुसरीकडे पाहा. शेवटची तीन वर्षं सोपी आहेत. तिथे खूण म्हणून ०, १ आणि २ हे आकडेच आहेत. राणीनंतर पहिल्या जेम्सने गुलाब काढला आणि डोक्यामागे रोमन आकड्यात किंमत घातली, सहा पेन्सला ‘व्ही-आय’, शिलिंगला ‘एक्स-आय-आय’. हातोड्याची नाणी १६६२ मध्ये थांबली आणि १६९६च्या मोठ्या बदलात जुनी चलनातून गेली.

आता सुरुवातीला म्हटलेला प्रश्न. कातरलेलं आणि सरकलेलं यांत फरक असा. ठसा सरकला असेल तर एका बाजूची अक्षरं अर्धी जातात, पण समोरच्या बाजूला तेवढीच मोकळी चांदी उरते आणि वजन भरतं. कातरलं असेल तर बाहेरचं कडं आणि अक्षरांचे माथे सगळीकडून किंवा दोन-तीन बाजूंनी गेलेले असतात, मोकळी जागा कुठेच नसते आणि वजन पडतं. १.४च्या जागी १.१ भरलं आणि तरीही चेहरा ठळक असेल तर कात्री चालली आहे. चेहराही गुळगुळीत असेल तर झीज.

झीज आणि हलका ठोका यांची गल्लत अनुभवी लोकांचीही होते. झीज आधी उंच भाग खाते, म्हणजे नाक, मुकुट, ढालीचा मध्य, आणि सगळ्यावर एकसारखा गुळगुळीतपणा आणते. हलक्या ठोक्यात एक पट्टा सपाट आणि थोडा खरखरीत राहतो, पण त्याला लागून असलेली अक्षरं धारदार असतात. सपाट पट्टा दिसला की नाणं उलटून बरोबर त्याच जागी मागे पाहा. तिथेही सपाट असेल तर ठोका कमी पडला होता. दोन्ही ठशांत तिथे खोल कोरीव असेल तर पातळ पत्र्यातली चांदी दोन्हीकडे पुरत नाही. पाहताना दिवा वरून नको. जवळजवळ टेबलाला टेकेल इतका खाली आणा आणि नाणं बोटाने सावकाश फिरवा. वरून न दिसणारी अक्षरं तिरक्या उजेडात सावली टाकून उठतात. फोटोही असेच, चार दिशांनी चार काढा.

बनावट नाण्यांबद्दल एकच तत्त्व पक्कं धरा: हातोड्याचे दोन ठोके कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण दोन्हींची कड त्याच जागी चिरलेली, ठसा तेवढाच सरकलेला, सपाट पट्टा तोच, असं दिसलं तर दोन्ही साच्यातून आलेली आहेत. म्हणून विकत घेण्याआधी त्याच प्रकारची जितकी चित्रं पाहता येतील तितकी पाहा. ओतीव नाण्यावर भिंगाखाली बारीक बुडबुड्यांचे खड्डे दिसतात, अक्षरांचे कोपरे वितळल्यासारखे गोल असतात आणि कडेवर जोड घासल्याच्या खुणा असतात. संग्रहालयांच्या दुकानांतल्या आठवणीच्या प्रती राखाडी आणि मऊ धातूच्या असतात. त्यांतल्या काहींवर ‘डब्ल्यू-आर-एल’ अशी चिमुकली अक्षरं असतात.

पाण्यात तोलून घनता काढायची युक्ती आपल्याकडे रुपयासाठी सर्रास वापरतात. पेनीला ती चालत नाही. १.४ ग्रॅमची पेनी जेमतेम ०.१४ ग्रॅम पाणी बाजूला सारते. काट्याची चूक ०.०१ धरली तरी उत्तर ९.६ ते ११.१ मध्ये कुठेही येऊ शकतं. स्टर्लिंग चांदीची घनता १०.३च्या आसपास, पण एवढ्या रुंद पट्ट्यात निकृष्ट चांदीही बसते आणि वरच्या टोकाला शिशाचाही संशय फिटत नाही. सहा ग्रॅमच्या शिलिंगला मात्र हीच रीत कामाची आहे.

साफसफाईबद्दल कळकळीने सांगतो: चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही. काळपट थर हा नाण्याचा पुरावा असतो, आणि तो घासून काढलेलं नाणं जाणकार बाजूला सारतो. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात एक-दोन दिवस भिजत ठेवून मऊ कापडावर टेकवून टिपा, पुसू नका. हिरवट चिकटपणा असेल तर तो बहुधा मऊ प्लास्टिकच्या पाकिटाचा आहे. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या कपाटात पीव्हीसीची पाकिटं लवकर पाझरतात. शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि शेगडीपासून दूर बुडवलं की तो निघतो. नेलपॉलिश काढायचं द्रव त्यासाठी वापरू नका, त्यात तेल आणि रंग असतो. वाकलेलं नाणं सरळ करायचा मोह टाळा. शतकानुशतकं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असते, बोटांच्या दाबानेही दोन तुकडे होतात. ठेवायला पॉलिएस्टरची पाकिटं किंवा आम्लविरहित कागद. रबरबँड जवळपासही नको, त्यातलं गंधक चांदी काळी करतं.

ताडून पाहायला घरबसल्या सर्वात मोठा आधार म्हणजे ब्रिटनच्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमची खुली नोंदवही. तिथल्या शेतांत डिटेक्टरवाल्यांना सापडलेल्या वस्तूंचे फोटो, वजन, व्यास आणि वाचलेला लेख तिथे फुकट पाहायला मिळतो. त्यातली नोंदींची पद्धतही उचलण्यासारखी आहे. लेख जसा दिसतो तसाच लिहायचा, न दिसणारी अक्षरं चौकटी कंसात घालायची. आपण पुस्तकात पाहून लेख पूर्ण लिहून टाकतो आणि पुढच्या माणसाला खरं काय दिसत होतं ते कळतच नाही. विक्रेत्याच्या वर्णनात ‘एस’ आणि पुढे आकडा असेल तर तो इंग्रजी नाण्यांच्या स्पिंक कॅटलॉगमधला क्रमांक. तो क्रमांक आणि फोटोतलं नाणं जुळतं का ते स्वतः पडताळा. वजन दिलेलं नसेल तर मागा. वजन न सांगणाऱ्याकडून पेनी घेऊ नये.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याआधी लक्षात घ्या. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. ‘पसंत नसेल तर परत पाठवा’ ही तिकडच्या विक्रेत्याची सवलत आपल्याला धरता येत नाही. तेव्हा शंका सगळ्या फोटोवरच फेडायच्या: दोन्ही बाजू, कड, तिरक्या उजेडातला एक फोटो, आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचा एक.